बांधलेली फांदी

श्रावण लागला की आमच्या घरातलं इंटरनेट आजारी पडतं. छपरावर एक पांढरी थाळी बसवली आहे, ती टेकडीपलीकडच्या टॉवरकडे तोंड करून असते. तिची वायर भिंतीतून आत येते आणि कपाटावरच्या पेटीत हिरवे दिवे लुकलुकतात. पाऊस दाट झाला किंवा वारा सुटला की त्यातला एक दिवा तांबडा होतो. पुण्याच्या लेकीशी मी बोलत असते, ती काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि तशीच थिजून राहते. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत. थोड्या वेळानं दिवा परत हिरवा होतो आणि ती पुढं बोलू लागते. मधलं काय गेलं ते विचारलं तर म्हणते, काही नाही गं, भाजीबद्दल सांगत होते.

दिवा तांबडा झाला की काय करायचं ते मला आता पाठ आहे. पेटीची पिन काढायची, जरा थांबायचं, परत लावायची. मागच्या वायरी दाबून बघायच्या. तेवढ्यानं झालं नाही तर पदर डोक्यावर घेऊन अंगणात जायचं आणि थाळी हलली आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा मी अंगणातून परत येईपर्यंत सगळं सुरू झालेलं असतं. हे सगळं मी नीट करते, पण माझे हात गार पडलेले असतात. लेक हसते. नेट गेलं म्हणजे माणूस जात नाही आई, असं म्हणते. तिचं बरोबर आहे. पण मी ज्या पावसाळ्यात हे भ्यायला शिकले त्या पावसाळ्यात ती जन्मालाही आली नव्हती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी खानापूरकडची, लग्न होऊन नुकतीच जोयडा तालुक्यातल्या या वाडीत आले होते. रामनगरच्या रस्त्यापासून आत, एक नाला ओलांडून, भाताच्या खाचरांच्या कडेनं वर चढलं की आमचं घर. घराच्या मागं लगेच रान सुरू होतं. घरात आम्ही तिघं. मी, माझे यजमान आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. नणंद सुमन माझ्याच वयाची, तिचं लग्न माझ्या आदल्या वर्षी झालेलं, तेही खानापुरात. म्हणजे ती माझ्या गावी गेली आणि मी तिच्या गावी आले. आमची अदलाबदल झाली, असं ती म्हणायची, आणि आमच्या रानातल्या जळवा तुझ्या वाट्याला आल्या म्हणून मला चिडवायची.

त्या उन्हाळ्यात वाडीला फोन आला. तारेचा नव्हे. या रानातून तार कोण ओढणार? एक फांदी पडली की संपलं. हा वायरलेसचा फोन होता. आमचं घर उंचावर म्हणून तो आमच्या पडवीत बसला, पण होता सगळ्या वाडीचा. घरामागं लोखंडी खांब उभा केला, त्याच्या टोकाला आडव्या नळ्यांची एरियल, माशाच्या काट्यासारखी. आत भिंतीला एक पेटी, खाली बॅटरी, आणि बॅटरी भरायला पत्र्यावर उन्हाची काच. बसवायला आलेल्या माणसांनी तालुक्याच्या बाजूच्या टॉवरकडे एरियल वळवली, कुठंतरी बोलून बघितलं, चहा घेतला आणि गेले.

उन्हाळाभर फोन छान चालला. लोक पाय धुऊन, केस विंचरून पडवीत यायचे. बेळगाव लांब म्हणून मोठ्यानं ओरडायचे आणि गोवा त्याहून लांब म्हणून आणखी मोठ्यानं. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्या वाडीला कळायचं, त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही. आत्ती तेवढी फोनला हात लावायची नाही. ती आतल्या उंबऱ्याशी उभी राहून पदराची टोकं बोटांना गुंडाळत ऐकायची. माणूस दिसत न्हाई आन आवाज येतोय, ह्ये काय बरं लक्षण न्हाई, असं तिचं मत होतं.

उन्हाळ्यात बसवलेल्या फोनला आणि उन्हाळ्यात लग्न होऊन आलेल्या सुनेला इथला पावसाळा ठाऊक नसतो. आषाढात आम्हा दोघांचीही परीक्षा झाली. माझ्या अंगावरचे कपडे वाळेनात, आणि फोन बोलता बोलता मधेच गप्प व्हायला लागला. पूर्ण बंद पडला असता तर बरं, माणूस नाद सोडून देतो. हा थोडा वेळ जायचा आणि परत यायचा. मधेच एखादा शब्द गिळायचा, कधी अख्खं वाक्य. पलीकडचा माणूस बोलतच असायचा, आपण इकडं हॅलो हॅलो करत. शेजारच्या एकाच्या भावानं गोव्याहून फोन केला, येतो म्हणाला, आणि कधी येतो ते खरखरीत गेलं. तो बिचारा पुढचा आठवडाभर रोज गाडीच्या वेळी रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

आम्ही आमच्या परीनं शोध घेतला. आधी वाटलं बॅटरी. ऊन नाही म्हणून भरत नसेल, तर काचेवरचं शेवाळ जुन्या धोतरानं पुसून काढलं. मग पेटी उघडली, तिच्यात मुंग्यांनी अंडी घातली होती, ती झाडली. एरियलच्या जोडात पाणी जात असेल म्हणून यजमानांनी त्यावर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. दर वेळी एक दिवस फोन बरा वागायचा आणि आम्हाला वाटायचं, सापडलं. मग पुन्हा तेच.

आमची ही सगळी धडपड सुमनसाठी होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून ती सातव्या महिन्यात आमच्याकडं आली, तेव्हा तिचे पाय सुजलेले होते. जोडव्यांची बोटं फुगली होती. आत्तीनं कसलेकसले काढे दिले. पण सूज उतरेना, डोकं दुखायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. रामनगरच्या डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. इथं नको, या रानात तर मुळीच नको, बेळगावला नेऊन ठेवा, म्हणाले. असा दाब वाढला तर आई आणि मूल दोघांनाही धोका, हे त्यांनी आत्तीसमोर स्पष्ट सांगितलं. सुमनला तिच्या नवऱ्यानं बेळगावात त्यांच्या आत्याच्या घरी नेलं, दवाखान्याच्या जवळ. आत्तीनं गणपतीची चवथ झाली की जायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी दिलेला दिवस चवथीच्या बराच पुढं होता.

जाताना सुमन जीपमध्ये बसली आणि मला म्हणाली, "वैनी, फोन तेवढा चालू ठेव गं."

तेव्हापासून तो फोन आमच्या पडवीत आहे असं मला वाटेना, आम्हीच त्याच्या पडवीत राहतोय असं वाटायला लागलं. भात लावणाऱ्या बायकांना भाकरी पोचवायला मी खाचरात जायची ती एक कान घराकडं ठेवून. घंटा वाजली की पळत यायची, आणि पळताना काय ऐकायला मिळणार ते मनात रंगवायची. मी मुळातच भित्री. पूर्वी वाईट बातमीला यायला वेळ लागायचा. बस, मग पायवाट, मग नाला. तेवढ्या वेळात माणूस सुखानं जेवून घ्यायचा. आता ती कुठल्याही घटकेला घरात वाजणार होती.

सुमन दुपारी फोन करायची. आज दाब कमी हाय, आज परत वाढलाय, आज पोरगं लई लाथा मारतंय. मी ऐकायची आणि मोठ्यानं पुन्हा म्हणायची, आत्ती उंबऱ्यावरून ऐकायची. मधेच आवाज जायचा. डॉक्टर म्हणाले की, आणि खरखर. त्या खरखरीत आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहायचो. डॉक्टर काय म्हणाले असतील याची शंभर उत्तरं माझ्या डोक्यात येऊन जायची, त्यातलं एकही चांगलं नसायचं. मग सुमनचा आवाज परत यायचा आणि कळायचं की डॉक्टर म्हणाले, मीठ कमी खा. आत्ती भिंतीला टेकून हळूच खाली बसायची.

शेवटी टेलिफोनचा माणूस आला. त्यानं पेटी बघितली, बॅटरी बघितली, आमच्या सायकलच्या ट्यूबला हसला. मग खांबाला पाठ लावून उभा राहिला, एक डोळा मिटून समोर बघितलं आणि हात केला. समोर रानाच्या कडेला मत्तीचं जुनं झाड होतं. ऐन म्हणतात त्याला वरच्या मुलखात. उन्हाळ्यात त्याच्यावर एक पान नव्हतं. आता ते गच्च भरलं होतं आणि त्याची एक लांब फांदी पावसाच्या भारानं वाकून बरोबर आमची एरियल आणि टॉवर यांच्या मधे आली होती. ओली पानं आवाज पिऊन टाकतात, असं तो म्हणाला. वारा आला की फांदी हलते, आड येते, बाजूला होते, म्हणून तुमचं बोलणं येतं आणि जातं. एवढी फांदी तोडली की काम झालं. कोयता आहे का घरात?

कोयता होता. पण आमच्यातल्या कुणी जागचं हललं नाही. ते झाड देवाच्या रानातलं होतं.

वाडीमागचं ते रान म्हणजे गावाच्या देवाचं. आत एका चौथऱ्यावर उभा दगड, तोच देव. त्या रानातली पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही, आजही नाही. यजमानांनी त्या माणसाला एवढंच सांगितलं की विचारावं लागंल. साहेबाला का, असं त्यानं विचारलं. देवाला, म्हटल्यावर त्यानं आपली पिशवी उचलली. तोही इकडचाच होता, त्याला समजलं.

गुरवानं कौल लावला. देवाच्या दगडाला ओल्या फुलाच्या पाकळ्या डाव्या उजव्या अंगाला चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून वाट बघतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. सुमनचं सगळं सांगून गुरवानं विचारलं, फांदी तोडू का. डावी पाकळी पडली. मला रडू यायला लागलं. यजमान चिवट. ते गुरवाच्या कानात काही बोलले आणि गुरवानं पुन्हा पाकळ्या लावल्या. तोडत नाही, नुसती दोरानं बाजूला ओढून बांधतो, सुमन मोकळी झाली की सोडतो, चालेल का. उजवी पडली.

मग उपाशीपोटी, अनवाणी, नारळ ठेवून यजमान झाडावर चढले. जाड सुंभाचा दोर फांदीला घातला, खाली मागच्या झाडाच्या बुंध्याला आणून काठीनं पीळ देऊन आवळला. फांदी एरियलसमोरून बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी सुमनचा आवाज असा स्वच्छ आला की ती अंगणात उभी आहे असं वाटलं.

पण सुंभाचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. त्यामुळं एक उलटच प्रकार सुरू झाला. धो धो पाऊस असला की फोन उत्तम, आणि दोन दिवस उघडीप झाली, ऊन पडलं, लोकांनी जरा हसऱ्या तोंडानं गोधड्या बाहेर टाकल्या, की फोन जायचा. सगळी वाडी उन्हाची वाट बघायची आणि मला ऊन बघून धडकी भरायची. यजमान जाऊन काठीला आणखी एक पीळ देऊन यायचे. ते नसले की मी जायची. चढायचं नव्हतं, नुसती काठी फिरवून खोचायची होती. तरी त्या रानात एकटीनं उभं राहायची मला भीती वाटायची. वर बांधलेली फांदी वाऱ्यात सुटायला बघायची आणि दोर कुरकुरायचा.

आत्ती माझ्याबरोबर एकदाच आली. दोर जिथं फांदीला घासत होता तिथली साल सोलवटली होती आणि आतून पाणी झिरपत होतं. मत्तीच्या खोडात पाणी असतंच, रानात फिरणारी माणसं तहान लागली तर त्याला खाच पाडून पितात, हे मला यजमानांनी सांगितलं होतं. मी तेच आत्तीला सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती वर बघत म्हणाली, "हाताला वळ उठलाय बग देवाच्या."

तिच्या या भीतीला मूळ होतं. तिचं माहेर सुप्याकडचं. धरण झालं आणि ते सगळं पाण्याखाली गेलं. माणसं उठून रामनगरला येऊन बसली. गावातले मोठे देव वाजतगाजत हलवले, पण तिच्या बापाच्या शेतातला राखणदार, बांधावरचा एक साधा दगड, तो तिथंच राहिला. गडबडीत कुणाला आठवला नाही, आणि आठवला तेव्हा बांध पाण्यात होता. पुढं तिचे दोन भाऊ पाठोपाठ गेले. लोक काही म्हणोत, आत्तीच्या मनात हिशेब पक्का होता. आमचा एक देव बुडवला आमी, आता दुसऱ्याला बांधून घाटलाय, असं ती चुलीपुढं बसून पुटपुटायची. मी तिला कौलाची आठवण द्यायची. उजवी पडली होती ना, आत्ती? ती म्हणायची, एकदा न्हाई म्हटल्यावर परत इचारायचं नसतंय.

मी शिकलेली, म्हणजे दहावीपर्यंत. दाब म्हणजे काय, ऑपरेशन म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पण सांजवेळी तिचं ते पुटपुटणं ऐकून माझ्याही अंगावर काटा यायचा. भीती अशी घरात एकीकडून दुसरीकडं जाते. कुणाची कुठली ते काही दिवसांनी सांगता येत नाही.

चवथ दोन दिवसांवर आली. चार दिवस ऊन पडलं होतं आणि त्या दिवशी सकाळपासून वरच्या अंगाला डोंगरात पाऊस लागला. आमच्याकडं नुसता वारा. यजमान चवथीच्या सामानाला रामनगरला गेले आणि तिकडंच अडकले, कारण दुपारी नाल्याला लाल पाणी आलं आणि पुलावरून वाहायला लागलं. घरात आम्ही दोघी. मी नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, खोबरं खवत होते.

घंटा वाजली. सुमनचा नवरा होता. ते घाईघाईनं सांगत होते. सुमनचा दाब एकाएकी चढलाय, सकाळी तिला आकडीचा झटका आला, डॉक्टर म्हणतात आता थांबता येत नाही, ऑपरेशन करून मूल काढायला हवं. मी एकेक वाक्य मागं वळून आत्तीला सांगत होते. तिनं उंबऱ्याची चौकट धरली होती. मग ते म्हणाले, "वैनी, ऐका, सुमनला आत न्यायच्या आधी," आणि आवाज गेला.

मी हॅलो म्हटलं, पुन्हा म्हटलं. खरखर, मधेच एखादा तुकडा, पुन्हा खरखर. मी पेटीवर हात मारला. बॅटरीच्या तारा दाबल्या. मेण लावलेला जोड बघायला मागं पळाले. सगळं जागच्या जागी होतं. मग समजलं, दोर. चार दिवसांच्या उन्हानं सैल पडलेला दोर आणि हा वारा. जाऊन दोन पीळ दिले की झालं. मी आत्तीला म्हटलं, तुम्ही फोन धरा, मी दोर आवळून येते.

"तू ऱ्हा हितंच," आत्ती म्हणाली. "मी जातो."

आमच्याकडं बायकाही जातो म्हणतात. तिनं असं पुढं होऊन काम घ्यावं याचं मला बरंच वाटलं. ती काठीला पीळ देईल, फांदी बाजूला होईल, आवाज येईल, म्हणून मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले. सुमनला आत न्यायच्या आधी काय? सही हवी आहे? रक्त हवं आहे? की ती गेलीच, आणि तसं तोंडानं म्हणवत नाही म्हणून ते आडवळणानं सांगतायत? खरखर चालूच होती, पण तिच्यात माणसाच्या आवाजाचे तुकडे होते, म्हणजे पलीकडं कुणीतरी होतं. आणि मग तीही थांबली. कानात काहीच उरलं नाही. विहिरीत वाकून बघावं आणि पाणी दिसू नये, तसं ते होतं.

मी मागच्या दारी आले. मत्तीची फांदी आपल्या जागी परत आली होती आणि वाऱ्यात वरखाली होत होती. आत्ती रानाच्या कडेनं येत होती. एका हातात कोयता, दुसऱ्या हातावर दोराचे तुकडे.

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. तुम्हाला काही कळतं का, असं म्हटलं एवढं नक्की आठवतं. सुनेनं सासूला असं म्हणायचे ते दिवस नव्हते. ती रागावली नाही. तिनं दोराचे तुकडे पायरीवर ठेवले आणि तिथंच बसली. ती म्हणाली, "त्येला बांधून ठिवायचं, आन वर लेक मागायची त्येच्याकडंच. कुठल्या तोंडानं मागू?"

दुसरा दोर घेऊन झाडावर चढणं मला जमणारं नव्हतं, आणि जमलं असतं तरी मी गेले असते असं नाही. तेव्हा मीही देवाला भ्यायले होते. नाल्यापलीकडं जाता येत नव्हतं. वाडीतल्या पुरुषांपैकी दोघेतिघे येऊन फांदीकडं बघून गेले, पण कापलेला दोर बघून कुणी पुढं झालं नाही. आम्ही दोघी पडवीत बसलो. मधेच वारा फांदीला बाजूला ढकलायचा आणि घंटेची एखादी टिंग व्हायची, अर्धीच. मी धावून उचलायची तोवर काही नसायचं. असं कितीदा तरी झालं. पुढं पुढं ती अर्धी घंटा ऐकून आत्ती कानांवर हात ठेवायला लागली.

या वयात मला कधी वाटतं की तिनं केलं ते बरोबर होतं, आणि कधी वाटतं की माझ्या आयुष्यात तिच्याइतका राग मला कुणाचा आला नाही. दोन्ही खरं आहे. एकाच पायरीवर बसून आम्ही एकाच जिवासाठी भीत होतो, आणि ती ज्याला भीत होती त्याला मी अडाणीपणा म्हणत होते आणि मी ज्यावर भरवसा ठेवला होता ते तिच्या लेखी नळ्यांचं खेळणं होतं. आता डॉक्टर, दवाखाने, रस्ते सगळं जवळ आलं आहे. तरी घरातलं कुणी आत गेलं आणि दार बंद झालं की बाहेर बसलेल्या माणसाच्या हातात काय असतं? तो काहीतरी आवळत बसतो नाहीतर काहीतरी सोडत बसतो.

दुसऱ्या दिवशी नाल्याचं पाणी ओसरलं. सकाळ उलटून गेल्यावर खाचरांच्या पलीकडं एक छत्री दिसली. आधी वाटलं यजमान असतील. मग चाल ओळखली. सुमनचे यजमान होते, एकटेच. फोन नव्हता तेव्हा बातमी अशीच यायची, माणसाच्या पायांनी. बांध अरुंद, चिखल, ते सावकाश येत होते. छत्रीमुळं तोंड दिसत नव्हतं. मी त्यांच्या चालण्यात काही दिसतं का ते बघत होते. थकलेला माणूस आणि वाईट बातमी आणणारा माणूस सारखेच चालतात, हे मला तेव्हा कळलं.

आत्तीनं आत जाऊन तांब्या भरून आणला आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. आल्या माणसाला पाय धुवायला पाणी देतात. पण मयताची खबर घेऊन आलेला माणूस आमच्याकडं पाणी घेत नाही, पाय धूत नाही, पायरी चढत नाही. तो अंगणातच उभा राहून सांगतो आणि तसाच परत फिरतो. घरच्यांना ते शब्द ऐकण्याआधीच कळतं. म्हणून तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला होता आणि तिचे डोळे जावयांच्या तोंडाकडं नव्हते, हातांकडं होते.

ते अंगणाशी आले आणि थांबले. छत्री मिटली. वाकून चपलेचा चिखल दगडाला पुसत राहिले. आत्तीच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी तिच्याच पायांवर सांडलं. मग त्यांनी हात पुढं केला, तांब्या घेतला, एका पायावर पाणी घातलं, दुसऱ्या पायावर घातलं आणि पायरी चढून वर आले.

मला रडू आवरेना. त्यांनी सांगितलं की दोघी बऱ्या हायत, लेक झाली, बारकी हाय पण रडती चांगली. सुमनला रात्री शुद्ध आली. फोन लागेना म्हणून पहाटेच्या गाडीनं निघून आलो. मी डोळे पुसून चुलीवर चहाचं आधण ठेवायला वळले. आत्ती मात्र अजून अंगणातच, रिकाम्या हातांनी. तिच्या तोंडावर सुटका झाल्याची खूण दिसत होती. ती रानाकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

जावई पडवीतल्या खांबाला टेकून बसले. मग सहज, तक्रार म्हणून नव्हे, मला सांगायला लागले की काल बोलणं अर्धंच राहिलं. सुमनला आत न्यायच्या आधी तिला आईशी बोलायचं होतं. एकदा आवाज ऐकतो म्हणत होती. खाटेवरून उठता येत नव्हतं तर नर्सबाईंनी दया येऊन खाट फोनपर्यंत ढकलत आणली होती. फोन तिच्या कानाला लावला होता. ते पुन्हा पुन्हा लावत राहिले. डॉक्टरांनी आता थांबता येणार नाही म्हटल्यावर नेली.

मी आत्तीकडं बघितलं नाही, बघायचा धीर झाला नाही. ती पायरी चढून आली ते पावलांवरून कळलं. ती जावयांसमोर येऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी हळू विचारलं, "लई भ्याली व्हती काय हो ती?"

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"व्हय, मामी," ते म्हणाले. "लई."